आधी कारखाने कुठे आहेत ते बघ

चि. यांस,
अनेक आशीर्वाद.

धाराशिवकडच्या परांड्याच्या पूरग्रस्त गावांसाठी मदत मागत धाडलेल्या पत्रांना एकाही कंपनीचं उत्तर नाही, म्हणून खट्टू होऊ नकोस. पत्र चांगलं आहे, पत्ते चुकलेत.

कंपन्यांचा पैसा सहसा कारखान्यामागे जातो, पुरामागे नाही. कंपनी कायद्याचं कलम 135 काढून वाच. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे 2 टक्के सीएसआरवर, म्हणजे कंपनीने करायच्या समाजकामावर, खर्च करा म्हणतं, आणि तिथेच ‘स्थानिक परिसराला प्राधान्य द्या’ असंही म्हणतं. ही सक्ती नाही, असा खुलासा केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने पुढे केला. पण नाही म्हणायला संचालकांना ते ‘स्थानिक परिसरा’चं वाक्य फार सोयीचं पडतं!

जुलै 2021 मध्ये चिपळूण आणि महाड बुडालं, तेव्हा लोटे परशुराम आणि महाडची एमआयडीसी जवळ होती. ठोठवायला दार तरी होतं. सप्टेंबर 2025 मध्ये परांडा-भूमकडे शेतं खरवडून गेली, तिथे धुराडी किती? आसामचं तर विचारूच नकोस. ब्रह्मपुत्रा दरसाल माजुली बेटाची जमीन खाते, मुख्यालयं मात्र मुंबई-दिल्लीत.

तेव्हा ‘परिसर’ कसा दाखवायचा, हे शीक. ज्यांचा कारखाना नाही पण गिऱ्हाईक आहे, त्यांना गाठ: ट्रॅक्टरवाले, बियाणं-खतवाले, पीककर्ज देणाऱ्या बँका. त्यांचे तालुक्यातले विक्रेते आणि शाखा पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात लिही.

आणखी एक. मुख्यमंत्री सहाय्यता निधीला दिलेला पैसा सीएसआरमध्ये धरत नाहीत, पीएम केअर्सला दिलेला धरतात. राज्याच्या निधीला कंपनीने दिलं, तर ते त्या 2 टक्क्यांच्या बाहेरून. त्यामुळे ‘आम्ही तिकडे दिलंय’ म्हणाले तरी हिरमुसू नकोस. सीएसआरचं काय, ते शांतपणे विचार.

किटची मागणी मात्र काढून टाक. तांदूळ, तेल, चादरी यांचे ट्रक पहिल्या आठवड्यात हमरस्त्यावरच्या गावांत दोन-दोनदा रिकामे होतात. आपल्या शेतकऱ्याला हवी माती. एकरी किती ब्रास गाळ टाकायचा, जेसीबीचा तासाचा दर काय, विहिरीतला गाळ काढायला किती, मोटर भरून द्यायला किती, हे गावात बसून लिहून आण. सातबाऱ्याचे उतारे आणि पंचनाम्याच्या प्रती जोड. मार्च संपायच्या आत न खर्चलेले पैसे घेऊन बसलेल्या कंपन्या असतात. जानेवारीत अर्ज टेबलावर असला पाहिजे.

कच्चा मसुदा आधी मला पाठव.

तुझा,
काका