जो सरावाला येतो, तो खेळतो

प्रिय,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला वाचला आणि मग झोप लागली नाही. आपल्या रग्बी क्लबला एका मोसमात तीन कॅप्टन झाले. प्रशिक्षकांची बदली झाली, सचिवांनी राजीनामा दिला, सहा सामन्यांत एकच जिंकलात आणि आता हे सगळं तेवीस वर्षांच्या तुझ्या गळ्यात आलंय. पण तू विचारलंस ते भलतंच. रविवारी त्या दोघांना उतरवू का? बाहेर मोठ्या स्पर्धा खेळून आलेत, महिनाभर सरावाला फिरकले नाहीत, पण ते असले तर जिंकू.

नको उतरवूस. जो सरावाला येतो, तो खेळतो.

मी तेहेतीस वर्षांचा होतो, तुझ्यासारखाच नऊ नंबरच्या जागेवर खेळायचो आणि कॅप्टन होतो. आमच्याकडे एक प्रॉप होता, म्हणजे पहिल्या फळीत कडेला उभा राहून समोरच्याला रेटणारा. भोसरीला लेथवर रात्रपाळी करायचा आणि सकाळी तसाच, डोळे लाल, सायकलवर मैदानात यायचा. पळायला जड, हातातून चेंडू सुटायचा. पण स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ जण एकमेकांना भिडून रेटतात तिथे, त्याने खांदा लावला की समोरच्याला तो हलवता यायचा नाही. त्या वेळी रेफरीची हाक 'क्राउच, टच, पॉज, एंगेज' अशी लांबलचक होती, आणि त्या 'पॉज'मध्ये त्याचा श्वास मला मागून ऐकू यायचा. हजेरीवही माझ्याकडे अजून आहे. चव्वेचाळीस सरावांपैकी एकेचाळीसला तो हजर आहे.

उपांत्य सामन्याला मी त्याला बसवलं. बाहेरून दोन तगडे गडी आले होते. दोघांनी मिळून त्या मोसमात पाच सराव केले असतील. आम्ही पाच गुणांनी जिंकलो. चेंडू रेषेपार टेकवून ट्रायही त्यांच्यातल्याच एकाने केला. सगळे नाचत होते. हा टचलाइनजवळ पाण्याच्या बाटल्या गोळा करत होता. मी त्याच्याजवळ गेलो नाही. वाटलं, नंतर बोलू. 'नंतर' आलंच नाही. अंतिम सामना हरलो, पावसाळा संपला, आणि पुढच्या जूनमध्ये तो आला नाही. ते दोघेही आले नाहीत, त्यांना दुसरा क्लब मिळाला होता.

मग काय झालं ते नीट समजून घे, कारण तुमच्या पिढीला सात जणांचं सेव्हन्स बघून बघून पंधरा जणांचा खेळ म्हणजे नुसती धाव वाटते. प्रॉप आणि त्यांच्या मधला हूकर हे कुणालाही उभं करून होत नाहीत. मान मोडू शकते. म्हणून नियमच आहे: संघात पंधराच जण असले तरी पहिल्या फळीचे तयार तिघे हवेत, तेवीस जण असले तर सहा. तेवढे नसले की रेफरी स्क्रम नावापुरता लावतो, कुणी कुणाला ढकलायचं नाही. आमची सगळी ताकद स्क्रममध्ये होती. त्या वर्षी तो नसल्याने आम्ही चार सामने तसले लुटुपुटूचे स्क्रम लावून खेळलो आणि चारही हरलो. एका माणसाला बसवल्याची ही किंमत आहे. म्हणून पुन्हा सांगतो, जो सरावाला येतो, तो खेळतो.

कलकत्ता कपची गोष्ट तुला माहीत असेल, तरी ऐक. 1873 साली कलकत्त्यात रग्बीचा क्लब निघाला आणि चारपाच वर्षांत ओस पडला. पलटण हलली, खेळणारे गेले, उरलेले पोलो-टेनिसकडे वळले. पैशाची अडचण नव्हती. बँकेत होते तेवढे पैसे चांदीच्या रुपयांत काढून, ते वितळवून त्यांनी चषक घडवला, नागांच्या मुठींचा, झाकणावर हत्ती असलेला. 1879 पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्याच्यासाठी खेळतात. लोक हे कौतुकाने सांगतात. मला मात्र त्यात एवढंच दिसतं की खात्यात पैसे होते आणि मैदानात माणसं नव्हती.

त्या दोघांवर माझा राग नाही. जून 2025 मध्ये अंधेरीत रग्बी प्रीमियर लीग झाली. आपल्या पोरांना या खेळात पैसा दिसला आणि चांगलं झालं. त्यांनी जावं, मोठं व्हावं. परत आले तर मंगळवारी सरावाला यावं, पुढच्या रविवारी जर्सी घ्यावी. कुणी अडवलंय?

आता कागदाचं. यात मी तुझ्यावर चिडलो आहे, हे स्पष्ट सांगतो. सर्वसाधारण सभा होऊन दोन महिने झाले आणि धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची नोंद, अजून गेलेला नाही. कायद्यात 90 दिवस दिलेत. त्यांच्या नोंदवहीच्या उताऱ्यावर, परिशिष्ट एकवर, जुनीच नावं राहिली की बँक सही बदलून देत नाही, आणि मग रेफरीचं मानधन तू खिशातून भरणार. सभेचं इतिवृत्त, राजीनाम्याचं पत्र, नव्या लोकांची संमतीपत्रं एवढं या आठवड्यात गोळा कर. 'कॅप्टनने मैदान बघावं, कागद दुसऱ्याने' असं तू लिहिलंस. दुसरा कोण आहे तिथे?

मी अकरा वर्षं सचिव होतो. खुर्ची सोडत नाही, असं माझ्या तोंडावर म्हणणारे होते. पण पहाटे पाचला फक्कीची पोती स्कूटरवर टाकून आणायला त्यांच्यातलं कुणी आलं नाही. मैदानाच्या परवानगीसाठी खेटे घालायलाही आलं नाही. मी राहिलो म्हणून क्लब राहिला, हे मी आजही म्हणेन. पण त्या अकरा वर्षांत मी एकालाही शेजारी बसवून हे काम शिकवलं नाही, आणि म्हणूनच मी सोडल्यावर इतकी पडझड झाली. हे लिहायला मला तुझ्या मेसेजची वाट बघावी लागली. तू तरी आजच एकाला बरोबर घे. तो सतरा वर्षांचा विंगर रोज वेळेआधी येतो ना? त्याच्या हातात हजेरीवही दे.

आणि तुझा तो नवा प्रॉप, ज्याला 'अजून कच्चा आहे' म्हणून तू बसवणार होतास, तो किती सरावांना आला ते वहीत मोज. त्याला घेऊन कदाचित हराल. हरा. सामना संपल्यावर आधी त्याच्याजवळ जा, मग बाकीच्यांकडे.

चेंज रिपोर्टवर माझी सही लागणार आहे, गुरुवारी संध्याकाळी घरी कागद घेऊन ये. रविवारची यादी मात्र मला दाखवू नकोस. ती तुझी आहे.

तुझा,
जुना नऊ नंबर