पुण्याहून कमी खर्चात मुलांना शिकायला मिळेल अशी ट्रिप? सरळ जुन्नर गाठा

तुम्ही विचारलंय की मुलगी नववीत, मुलगा चौथीत, दिवाळीच्या सुट्टीत दोन-तीन दिवस आहेत, खर्च फार नको आणि दोघांनाही काहीतरी शिकायला मिळावं. मी तर म्हणेन लांबची पॅकेजेस राहू द्या, जुन्नरला जा. शंभर किलोमीटरच्या आत आहे, शिवाजीनगरच्या म्हणजे हल्ली वाकडेवाडीच्या स्टँडवरून एसटी मिळते, बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनाही अर्धं, म्हणजे चौघांत पूर्ण तिकीट फक्त बाबांचं.

सगळ्यात जास्त वेळ नाणेघाटाला द्या. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातून जुन्नरला माल यायचा तो हा रस्ता. वर दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकायचे म्हणतात, मुलं तिथेच रमतात, पण खरी गंमत थोडं खाली गुहेत आहे. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या लोकांच्या मूर्ती होत्या, आता फक्त नावं आणि पायांच्या खुणा उरल्यात, आणि बाजूच्या भिंतींवर ब्राह्मी या जुन्या लिपीत लेख, त्यात यज्ञात दक्षिणा दिलेल्या गाई, घोडे, नाण्यांचे आकडे कोरलेत. घरूनच ब्राह्मी आकड्यांचा तक्ता प्रिंट करून न्या आणि मुलाला शोधायला बसवा. मुलीला विचारा की शून्य नसताना हजार कसे लिहिले असतील? दहा, शंभर, हजार प्रत्येकाला वेगळं चिन्ह होतं, हे भिंतीसमोर उभं राहून कळलं की गणिताच्या पुस्तकातलं स्थानमूल्य एकदम जिवंत होतं. मला स्वतःला ही जागा फार आवडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत शिवनेरी, मग लेण्याद्री. अष्टविनायकातला गिरिजात्मज बौद्ध विहारात बसलाय हे मुलांना दाखवा, आणि शेजारच्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहात, थोडं बसा. पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी 15 वर्षांखालच्यांना तिकीट नाही.

आणि नारायणगावजवळ खोडदची रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडणारी. 45 मीटर व्यासाच्या 30 डिश, त्यातल्या बऱ्याच 25 किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. जवळून बघितल्यावर लक्षात येतं की डिश भरीव नाही, बारीक तारांची जाळी आहे. मुलीला यावरच डोकं लावू द्या, कारण इथे पकडतात त्या रेडिओ लहरी इतक्या लांब असतात की जाळीच्या भोकांतून त्या निसटत नाहीत, वारा मात्र आरपार जातो, म्हणून एवढी मोठी डिश हलकी आणि स्वस्तात उभी राहिली. खगोलशास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप यांची ही कल्पना. आत जायला आधी परवानगी काढावी लागते, 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला मात्र सगळ्यांसाठी खुलं असतं, तेव्हा दिवाळीत नाही जमलं तर तेवढ्यासाठी फेब्रुवारीत एक दिवस ठेवा.

नाणेघाटाला जायला जुन्नरहून जीप आदल्या दिवशीच ठरवा, येण्या-जाण्याचे आणि थांबण्याचे मिळून किती ते आधीच बोलून घ्या. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी अजिबात जाऊ नका, गर्दीत गुहा नीट बघता येत नाही.