ती परत गेली, तरी

प्रिय,

"ती पुन्हा त्याच्याकडे गेली. मग एवढे दिवस मी केलं काय?" असं तू लिहिलंयस, लैंगिक शोषणात अडकलेल्या तुझ्याकडच्या त्या अल्पवयीन मुलीबद्दल. परत गेल्यावरही तिनं तुला मेसेज केला, हे तुझ्या कामाचंच फळ आहे. ते जप. "परत का गेलीस?" असं विचारू नकोस. "बरी आहेस ना? काही खाल्लंस का?" इथून बोलणं सुरू कर.

ती जाते त्याला कारणं असतात. कुठे झोपायला जागा असते, कुठे नशा मिळते, कुठे फोटो पसरवण्याची धमकी असते. आणि अनेकदा तो तिला खरोखर आवडत असतो. आज मार, उद्या लाड, अशा वागण्यातून जडणाऱ्या घट्ट ओढीबद्दल डटन आणि पेंटर यांनी १९८१ मध्येच लिहिलं होतं. त्याला शिव्या दिल्यास तर ती त्याची बाजू घेईल आणि तुझ्याशी बोलणं बंद करेल. मुलग्यांचंही असंच होतं, फक्त त्यांना कुणी विचारत नाही.

आपण ज्या वाटेनं काम करतो तो हार्म रिडक्शनचा विचार, म्हणजे धोका लगेच थांबत नसेल तर निदान त्यातून होणारी हानी कमी करायची, हा नशेच्या प्रश्नातून आला. ॲमस्टरडॅममध्ये १९८४ साली वापरलेल्या सुया घेऊन स्वच्छ सुया देणं सुरू झालं, कारण नशा सुटेपर्यंत माणूस जगायला तर हवा. आपल्या कामात मात्र एक गोष्ट वेगळी आहे. सुई टोचून घेणारा स्वतःला इजा करतो, इथे इजा करणारा दुसराच असतो. म्हणून "तिची निवड आहे" हे वाक्य आपल्या तोंडी कधीच येता कामा नये. इंग्लंडमधल्या रॉदरहॅमबद्दल २०१४ साली आलेल्या अहवालात सुमारे १४०० मुलांच्या लैंगिक शोषणाचा अंदाज आहे, आणि यंत्रणेतल्या माणसांनी त्या मुलांनाच कसं दोषी धरलं तेही त्यात आहे. मानवी तस्करीविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या प्रोटोकॉलनुसार अठरा वर्षांखालच्या मुलाची संमती ग्राह्यच नाही.

म्हणूनच पहिल्याच भेटीत तिला सांग, कोणती गोष्ट तुझ्याकडे राहील आणि कोणती तुला पोलिसांना किंवा यंत्रणेला कळवावीच लागेल. सगळं ऐकून घेऊन मग कळवलंस तर तिला तो विश्वासघातच वाटेल. कळवायची वेळ आली तर तिला आधी सांग, आणि शक्य असेल तर फोन तिच्यासमोरच कर.

मग आजच्या रात्रीकडे वळ. एक नंबर तिला पाठ असू दे, कारण फोन काढून घेतला जातो. ठरलेला एखादा साधा शब्द आला की तू मदत पाठवायचीस. तिचे मेसेज तो वाचत असेल, लोकेशन पाहत असेल, असं धरूनच लिही. संबंधांतून एचआयव्हीचा धोका असेल तर प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं, जितकं लवकर तितकं चांगलं. ते २८ दिवस घ्यायचं असतं. तातडीचं गर्भनिरोधक पाच दिवसांपर्यंत घेता येतं, पण उशीर होईल तसा बहुतेक गोळ्यांचा उपयोग घटतो. हे तिला आधीच सांगून ठेव, त्या रात्री ऐकण्याच्या मनःस्थितीत ती नसेल. फोटोंची धमकी असेल तर 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही, त्याचा फक्त डिजिटल ठसा जातो, आणि सहभागी प्लॅटफॉर्म त्यावरून तो शोधून काढून टाकू शकतात.

यातलं काय जमेल ते तिलाच ठरवू दे. कुठून बाहेर पडता येतं आणि तो कधी चिडतो हे तिला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. "आत्ताच सोड त्याला" असा दबाव टाकू नकोस. सोडून जाण्याचा काळच बऱ्याचदा सर्वांत धोक्याचा असतो. पण जीव धोक्यात दिसला तर तिच्या होकाराची वाट पाहू नकोस.

आणि हे एकटीनं पेलू नकोस. दर आठवड्याला वरिष्ठांशी बोल, आणि तू सुटीवर असशील तेव्हा फोन कोण उचलणार, ते तिला आधी सांगून ठेव. जमलं तर त्या व्यक्तीची भेटही घालून दे.

तुझी,
ताई