ताजमहाल आग्र्याचा नाही, हार्लेमचा

प्रश्न: नमस्कार भाऊ, मी नागपुरात अ‍ॅग्रीला शेवटच्या वर्षाला आहे, होस्टेलवर गिटार वाजवतो. परवा यूट्यूबवर ताजमहाल नावाचा एक म्हातारा अमेरिकन सापडला, ब्लूज (अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं जुनं गाणं) गाता गाता मधेच कॅरिबियन वाजवते, मग हवाईचं, आणि कुठीच तुटत नाही. मी तसं करायला गेलो का पोट्टे म्हणतात काय बे खिचडी करून राहिला. त्याचं नाव खरंच ताजमहाल आहे का? अन् त्याले जमते ते मले काऊन नाही जमत?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: पहिले नावाचं निपटवू. खरं नाव हेन्री सेंट क्लेअर फ्रेडरिक्स, जन्म १९४२, न्यूयॉर्कचं हार्लेम. स्वप्नात गांधीजी अन् भारत यायचा म्हणून हे नाव घेतलं असं तो सांगतो, आग्र्याशी संबंध तेवढाच. पण गंमत पुढं आहे राजा, हा तुझ्याच लाईनचा! मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटीत पशुसंवर्धन शिकला, त्याआधी डेअरी फार्मवर राबला, एकोणिसाव्या वर्षी पहाटे चारला उठून अख्खा फार्म सांभाळत होता. (तू किती वाजता उठतो ते मी विचारत नाही.)

आता खिचडी. बाप कॅरिबियन वंशाचा, जॅझचा पियानोवाला, आई गॉस्पेल, म्हणजे चर्चची भक्तिगीतं, गाणारी, घरात शॉर्टवेव्ह रेडिओ, त्यावर कुठकुठल्या देशांचं संगीत लागायचं, आणि गिटार शिकवली ती नॉर्थ कॅरोलायनाहून आलेल्या शेजारच्या पोरानं. म्हणजे त्यानं बाहेरून आणून काही मिसळलं नाही, ते आधीच एका भांड्यात शिजत होतं. सावजीचा मसाला वरून भुरभुरला तर रस्सा होते का?

तू त्याचा अंगठा ऐक. बहुतेक गिटारवाले अंगठा आणि तर्जनीवर चालतात, हा अंगठा आणि मधलं बोट वापरतो. वरची चाल हवाईला जाऊ दे नाहीतर जमैकाला, खाली अंगठ्याचा ठेका चालूच, म्हणून तुटत नाही. १९९९ चा 'कुलांजन' अल्बम ऐक, पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाच्या तुमानी दियाबातेसोबतचा. तो कोरा वाजवायचा, २१ तारांचं वाद्य, दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या, बस. ब्लूज आणि पश्चिम आफ्रिका किती जवळचे नातेवाईक आहेत ते तिथं कळते. (१९९५ ला आपल्या मोहनवीणावाल्या विश्वमोहन भट्ट आणि चित्रवीणावाल्या रविकिरणसोबत 'मुमताज महल' पण केला, नाव वाचूनच हसलो होतो मी. आणि १९७१ च्या लाईव्ह अल्बमात चार चार ट्यूबा, लग्नाच्या बँडातला तो मोठा भोंगा असतो ना, तसे.)

तर महिनाभर मिसळामिसळी बंद. १२ बारचा ब्लूज घे (बार म्हणजे चार मात्रांचं एक आवर्तन), ई कॉर्डमधे: चार बार ई, दोन ए, दोन ई, मग एक बी सेव्हन, एक ए, आणि शेवटचे दोन ई. गाताना पहिली ओळ दोनदा म्हणायची आणि तिसरीत तिचं उत्तर द्यायचं. अंगठा जाड तारांवर, चाललाच पाहिजे, गप्पा मारता मारता पण. ते जमलं का मग तुकडोजी महाराजांच्या भजनातली खंजिरी ऐकून तोच ठेका अंगठ्यात आणून पाहा, ती तर तुझ्या घरची आहे, रेडिओवर शोधायची गरज नाही. पोट्टे काय म्हणतात ते नंतर कळव.

आणि तर्री पोहे खाल्ल्यावर हात साबणानं धुवून मगच गिटारला लाव, तारा खराब होतात.