रॅम वाढवू की एसएसडी बसवू?

प्रश्न: लॅपटॉप जुना आहे. ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. चालू व्हायलाच पाच मिनिटं घेतो. दुकानदार रॅम वाढवा म्हणतो. वाढवू का?

उत्तर: थांबा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा; लॅपटॉपचा कुठला भाग किती कामात आहे ते त्यात दिसतं. काहीही न करता डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली दिसली, तर खरं दुखणं हार्ड डिस्कचं. तिच्या जागी अडीच इंची साटा (जोडणीचा प्रकार) एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. घरच्या कामाला २५६ जीबी पुरते. आधी फोटो, कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन करता येते, पण तिच्यात बॅड सेक्टर, म्हणजे खराब झालेले भाग, असतील तर क्लोनिंग मध्येच बंद पडू शकतं. त्यापेक्षा विंडोज नव्याने टाकलेलं बरं; वर्षानुवर्षांचा कचराही जातो. खोलताना चार्जर काढा, बॅटरीची पिनही सोडवा.

रॅम त्यानंतर. ८ जीबी हवीच, पण डीडीआर३ (रॅमची जुनी पिढी) च्या स्लॉटमध्ये नंतरची डीडीआर४ बसत नाही, खाच वेगळी असते. काही लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते. तेव्हा विकत घेण्याआधी मागचं झाकण उघडून बघा.

आणि एसएसडी डीफ्रॅग करू नका, म्हणजे फायलींचे विखुरलेले तुकडे सलग लावत बसू नका. फायदा शून्य, झीज फुकटची.