रावेन्नाचं निळं आकाश कानात घालायचं तर

प्रश्न : ताई, गेल्या उन्हाळ्यात इटलीत रावेन्नाला गेले होते. तिथल्या गाल्ला प्लाचीदिया या रोमन सम्राज्ञीच्या नावाच्या समाधीचं मोझॅइकचं, म्हणजे काचेच्या बारीक तुकड्यांनी मढवलेलं, निळं छत डोळ्यांसमोरून हलत नाही. तशी कानातली पॉलिमर क्लेमध्ये, म्हणजे ओव्हनमध्ये भाजून कडक होणाऱ्या क्लेमध्ये, करते आहे. निळ्या चकतीवर सोनेरी चांदण्या बसवल्या, पण ते छापील कापडासारखं दिसतं. शिवाय वर्ख तीन महिन्यांत काळवंडला आणि एक कानातलं हातातच कडकन मोडलं. कुठे चुकतंय?

उत्तर : तुमचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा समाधीत जाऊन आले. रावेन्नात राहते म्हणून हे जमतं. गर्दीच्या दिवसांत आत जेमतेम पाच मिनिटं मिळतात आणि त्यातलं पहिलं डोळे सरावण्यातच जातं. खिडक्यांना अलाबास्टर दगडाच्या पातळ फरशा आहेत, त्यांतून मधासारखा उजेड झिरपतो. मग हळूहळू निळं उमटू लागतं.

यावेळी मी फक्त चांदण्या पाहिल्या. कडेच्या मोठ्या आहेत आणि मधल्या सोनेरी क्रुसाकडे जाताना त्या लहान लहान होत जातात. म्हणून ते ठेंगणं छत आहे त्याहून कितीतरी उंच वाटतं. तुम्ही सगळ्या चांदण्या एकाच साच्यातून काढल्या असणार. तीन मापांच्या करा आणि चकतीऐवजी उथळ वाटीसारखा आकार घ्या. तेवढ्यानेच निम्मी खोली येईल.

उरलेली निम्मी तुकड्यांच्या कलण्यात आहे, आणि याबद्दल मला पोटतिडकीने सांगायचंय. मीही सुरुवातीला तुकडे बसवून झाले की वरून लाटणं फिरवत असे. काम सफाईदार व्हायचं, पण निर्जीव. पुढे इथल्या एका मोझॅइकच्या कार्यशाळेत जायला लागले. तिथे अजूनही काच ताल्योलोच्या, म्हणजे लाकडी ओंडक्यात उभ्या रोवलेल्या छिन्नीच्या, धारेवर धरून मार्तेल्लिना या हातोडीने फोडतात. तिथल्या बाईंनी मला दिवा हातात धरून भिंतीसमोर डोकं हलवायला लावलं. मी हलले तशी सोन्याची चमक एका तुकड्यावरून दुसऱ्यावर उडी मारत गेली, कारण प्रत्येक तुकडा शेजारच्यापेक्षा किंचित वेगळा कललेला होता. तुकडे सपाट असते, तर सगळं एकदम चमकलं असतं किंवा एकदम विझलं असतं. कानातलं तर सतत हलणारी वस्तू. हे तंत्र त्याच्याइतकं दुसऱ्या कशाला शोभणार?

आता मी असं करते. अल्ट्रामरीन निळ्या क्लेचा एक गोळा घेऊन त्याचे पाच भाग करते. एक तसाच ठेवते. बाकीच्यांत काळ्या, हिरव्या, जांभळ्या आणि पांढऱ्या क्लेचा एकेक कण मळते. पाचही भागांच्या कागदासारख्या पातळ पोळ्या लाटून भाजून घेते आणि कोमट असतानाच पात्याने दीड-दोन मिलिमीटरचे तुकडे कापते. भाजलेल्या पोळीचे तुकडे कडेला धारदार राहतात, कच्च्या क्लेचे दबतात. मग कच्च्या गडद क्लेच्या पायावर दाभणाच्या टोकाने एकेक तुकडा रोवायचा, मुद्दाम थोडा तिरका, आणि मध्ये केसभर दरज सोडायची. ती बुजवू नका. तिच्यातून खालचा गडद रंग दिसतो, तेव्हाच निळं खोल वाटतं. पुन्हा भाजलं तरी क्लेला काही होत नाही.

तुमचा वर्ख बहुधा पितळेचा आहे. घाम आणि हवा लागली की तो काळवंडणारच. इथल्या सोनेरी तुकड्यांत वर्ख दोन काचांच्या मध्ये कोंडलेला असतो, त्याला बाहेरचं काही लागत नाही. आपण खऱ्या सोन्याचा वर्ख घ्यावा, किंवा पितळेचाच असेल तर त्यावर पारदर्शक लिक्विड क्लेचा पातळ हात देऊन भाजावं. आणि वर्खाखाली निळी क्ले नको, गेरूच्या रंगाची घ्या. इटालियन चित्रकार लाकडी फळीवर सोनं चढवण्याआधी ‘बोलो’ नावाच्या तांबड्या मातीचा थर देत; त्याने सोन्याला ऊब येते. क्लेवरही हा फरक लगेच दिसतो.

मोडलं ते कच्चं राहिल्यामुळे. पॉलिमर क्लेमध्ये माती नसते. ते पीव्हीसी आणि त्याला मऊ ठेवणारं द्रव्य यांचं मिश्रण आहे. पुरेशा तापमानात पुरेसा वेळ राहिलं तरच त्याचे कण एकजीव होतात. पाकिटावरचं तापमान पाळा, ते साधारण ११० ते १३५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतं. ओव्हनच्या बटणावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. फार तापलं तर क्ले करपते आणि हायड्रोजन क्लोराइडचा झोंबरा धूर सुटतो, म्हणून खिडकी उघडी हवी.

प्रश्न : भाजलेल्या क्लेला चमक यावी म्हणून नेलपॉलिश लावलं. आता ते चिकट झालंय. काय करू?

उत्तर : नेलपॉलिशमधलं द्रावक क्लेला मऊ करतं, त्यामुळे हा चिकटपणा वाळून जाणार नाही. पुढच्या वेळी पाण्यात विरघळणारं पॉलियुरेथेन व्हार्निश वापरा.

प्रश्न : रावेन्नाच्याच सान विताले बसिलिकेतल्या (चर्चमधल्या) मोझॅइकमधली बायझंटाईन सम्राज्ञी तेओदोरा तीन सेंटिमीटरच्या पदकावर करायची आहे. चेहरा जमतच नाही.

उत्तर : चेहरा सोडून द्या. एवढ्याशा जागेत डोळ्याला दोन-तीनच तुकडे मिळतात, त्यात ती नजर येणार नाही. त्यातून तेओदोरा तिथे प्रभावळीसह उभी आहे. कुणी संतांचे चेहरे मागितले तरी मी ते दागिन्यांत करत नाही, कारण अशाच चित्रांसमोर लोक प्रार्थना करतात.

पण तिचे दागिने घ्या ना! ही बसिलिका ५४७ साली अर्पण झाली आणि पुढच्याच वर्षी तेओदोरा वारली, पण तिच्या मुकुटावरून छातीपर्यंत लोंबणाऱ्या मोत्यांच्या सरी अजून डुलतील अशा वाटतात. त्या मोत्यांसाठी कारागिरांनी शिंपल्याचे तुकडे वापरलेत. तुम्ही पांढऱ्या अर्धपारदर्शक क्लेमध्ये मोतिया अभ्रकाची पूड मळा, ज्वारीच्या दाण्याएवढे मणी करा, आणि दोन्ही कानांना तीन-तीन सरी सोडा. शेवटी एकेक हिरवा थेंब. क्ले हलकी असल्यामुळे सरी खांद्यापर्यंत आल्या तरी कानाच्या पाळीला ओझं होत नाही.