विहिरीचे पैसे, जमिनीचे नाही

प्रश्न : वकीलसाहेब, आमची संत्र्याची बाग रस्त्याच्या भूसंपादनात जाते आहे. गावात बाधितांची संघटना करायचं चाललंय. मुलगा म्हणतो, झिम्बाब्वेतल्या गोऱ्या शेतकऱ्यांची संघटना एवढी तगडी होती, कोर्टातही जिंकले, तरी जमिनी गेल्याच. मग आपल्या संघटनेनं काय होणार? – एक वाचक, काटोल

उत्तर : भाऊ, मुलगा खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो.

झिम्बाब्वेच्या स्वातंत्र्याआधी 1979 मध्ये लंडनला झालेल्या लँकेस्टर हाउस करारात ठरलं होतं, की दहा वर्षं सरकार जमीन घेईल ती मालक विकायला राजी असेल तरच. त्या काळात गोऱ्या शेतकऱ्यांच्या त्या संघटनेला, म्हणजे कमर्शियल फार्मर्स युनियनला, मंत्र्यांशी बसून बोलायची सवय लागली. 2000 मध्ये राष्ट्राध्यक्ष मुगाबे नव्या घटनेवरचं सार्वमत हरले, स्वातंत्र्ययुद्धातले माजी सैनिक गोऱ्यांच्या शेतांत घुसले, तेव्हाही युनियनचे पुढारी बोलणीच करू म्हणत होते. चिडलेल्यांनी 2002 मध्ये ‘जस्टिस फॉर अ‍ॅग्रिकल्चर’ ही वेगळी चूल मांडली : बोलणी पुरे, कोर्टात चला.

कोर्टाचं काय झालं? 2005 च्या घटनादुरुस्तीनं देशातली कोर्टं या प्रकरणांना बंद झाली. माइक कॅम्पबेल नावाचा शेतकरी नामिबियातल्या विंडहुकला, आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांच्या सामायिक न्यायाधिकरणात गेला, सोबत आणखी 77 जण. नोव्हेंबर 2008 मध्ये जिंकला. झिम्बाब्वे सरकारनं निकाल मानला नाही, आणि 2010 मध्ये ते न्यायाधिकरणच गोठवलं गेलं. निकाल हातात, शेत दुसऱ्याच्या ताब्यात!

सरकारची बाजूही पोकळ नव्हती. वसाहतकाळातल्या 1930 च्या कायद्यानं चांगली जमीन मूठभर गोऱ्यांसाठी राखली होती. म्हणून 2013 च्या घटनेत बहुतेक गोऱ्या मालकांना भरपाई ठरली ती विहिरी, बंधारे, घरं, तंबाखू वाळवायच्या भट्ट्या यांची, जमिनीची नाही. (त्या भट्ट्यांवर राबणारे मजूर बेघर झाले, त्यांची विचारपूस या हिशेबात फारशी कुणी केली नाही.)

मुलगा सांगत नाही ते इथं आहे. 2020 मध्ये सरकारशी 3.5 अब्ज डॉलरच्या भरपाईचा करार झाला, त्यावर युनियनची सही आहे. एवढ्या वर्षांनी आकडा मांडता आला, कारण शेत गेलं तरी शेतागणिक मूल्यांकनाचे कागद त्यांनी सांभाळले होते. पैसे मात्र रडतखडत आले : 2025 मध्ये पहिल्या 378 शेतांना रोख एक टक्का, बाकीचे सरकारी रोखे.

तुमचा कायदा याहून बरा आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्यात जमिनीची किंमत, त्यावरची झाडं-विहीर आणि त्या सगळ्याइतकीच दिलासा रक्कम मिळते. पण माझ्याकडे येणाऱ्या फायलींत विहीर शेतात असते, सातबाऱ्यावर नसते. बाग पंधरा वर्षांची, पंचनाम्यात नुसतं ‘संत्रा झाडे’. वय नाही, बहर नाही. मग भाव रोपाचा लागतो आणि आपण वर्षानुवर्षं भांडत बसतो.

संघटना करा, पण ती मोर्च्याआधी संयुक्त मोजणीला उभी राहू द्या. प्रत्येक धुऱ्यावर दोन माणसं, झाडं मोजायला आणि वय लिहून घ्यायला. बोअर, ड्रिप, पाइपलाइनची बिलं शोधा. विहिरीची नोंद नसेल तर तलाठ्याकडे आजच अर्ज द्या. पंचनाम्यावर सही वाचूनच करा आणि प्रत तिथल्या तिथं मागा.